तुवालूला माणशी इतकी मदत आणि मॉरिशसला जेमतेम, हे कसं?

प्रश्न अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने लहान द्वीपराष्ट्रांना मिळणाऱ्या परकीय विकास साहाय्याचे आकडे जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले, लोकसंख्येने भागले आणि उतरत्या क्रमाने मांडले. वरच्या टोकाला तुवालू, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, नाऊरू ही प्रशांत महासागरातली मंडळी आली. मॉरिशस पार तळाला गेला आणि मालदीवही खालच्याच बाजूला राहिला. ‘देश जितका छोटा तितकं जग त्याच्या बाबतीत उदार, असं म्हणता येईल का? आणि या मदतीने खरं भलं कुणाचं झालं, हे यादीवरून कळतं का?’ असं ती विचारते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धंमुर्धं हो, दुसऱ्याचं नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षं देणाऱ्या देशाच्या नोंदीतली रक्कम आणि घेणाऱ्या देशाच्या अर्थसंकल्पातली रक्कम यांचा मेळ घालण्यात गेली. तो मेळ क्वचितच बसतो. का बसत नाही, हे लक्षात आलं की ही यादी कशी वाचायची तेही कळतं.

आधी भागाकार बघू. तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या देशांसाठीच्या ग्रीन क्लायमेट फंडाने या देशाला किनारा संरक्षणासाठी ३.६ कोटी डॉलर दिले. राजधानी फुनाफुतीच्या खाजणात भराव घालून सुमारे ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद असा जमिनीचा नवा पट्टा तयार झाला, तो याच प्रकल्पातून. या एका प्रकल्पाचे माणशी सव्वातीन हजार डॉलर होतात. मॉरिशसला माणशी तेवढेच द्यायचे ठरवलं, तर साडेबारा लाख लोकांसाठी चार अब्ज डॉलर लागतील. असा प्रस्ताव कुणी मांडणारही नाही. भरावाचा खर्च किनाऱ्याच्या लांबीवर आणि गाळ उपसणारं जहाज किती लांबून आणावं लागतं यावर ठरतो, त्या भरावामागे राहणाऱ्या लोकांच्या संख्येवर नाही. धावपट्टी विमानाच्या मापाने बांधावी लागते. संसद, रुग्णालय, हवामान केंद्र, संयुक्त राष्ट्रांसाठी न्यूयॉर्कमध्ये आपलं कार्यालय, हे सगळं अकरा हजारांच्या देशालाही लागतंच. दरडोई आकडा फुगतो तो बराचसा या किमान खर्चामुळे. त्यात औदार्य शोधू नका.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाचं आहे. वस्ती साडेचार हजारांच्या घरात. ब्रिटनने तिथे विमानतळ बांधला, खर्च २८.५ कोटी पौंड, म्हणजे माणशी साठ हजार पौंडांच्या वर. २०१६ साली विमानतळ तयार झाला, पण धावपट्टीजवळ वारा एकाएकी दिशा आणि वेग बदलतो म्हणून मोठी विमानं उतरवता येईनात. नियमित सेवा सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. बांधकामाच्या वर्षांतले आकडे घेतले तर सेंट हेलेना जगात सर्वाधिक मदत घेणाऱ्यांत दिसतं. त्याच्या आधीचे किंवा नंतरचे घेतले तर चित्र वेगळं. म्हणून द्वीपराष्ट्रांच्या बाबतीत एका वर्षाचा आकडा कधीही वापरू नका. दहा वर्षांची सरासरी घ्या, अगदीच नाही जमलं तर पाच वर्षांची.

सेंट हेलेना हा स्वतंत्र देश नाही, ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश आहे, तरी साहाय्याच्या यादीत असतो. उलट मोझांबिकच्या सामुद्रधुनीतलं मायोत हे बेट २०११ साली फ्रान्सचा अधिकृत जिल्हा झालं आणि त्याच वर्षी यादीतून गेलं. शेजारच्या कोमोरोसला मिळणारा प्रत्येक युरो परकीय मदत म्हणून मोजला जातो. मायोतमधल्या शाळा, दवाखाने, पगार यांवर पॅरिसहून येणारा पैसा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, कारण तो फ्रान्सचा देशांतर्गत खर्च ठरतो. भूगोल एकच, द्वीपसमूहही एकच. फरक फक्त कुठल्या शीर्षाखाली नोंद होते याचा.

आता यादीच्या वरच्या टोकाकडे येऊ. तिथल्या बऱ्याच रकमा माझ्या मते मदत नाहीतच. ते भाडं आहे. जागेचं, समुद्राचं, कधी मताचं.

मार्शल बेटं, मायक्रोनेशिया आणि पलाऊ या तिघांचा अमेरिकेशी ‘कॉम्पॅक्ट ऑफ फ्री असोसिएशन’ नावाचा करार आहे. पहिल्या दोघांचा १९८६ पासून, पलाऊचा १९९४ पासून. मार्च २०२४ मध्ये त्याचं नूतनीकरण कायद्यात आलं: वीस वर्षांसाठी तिघांना मिळून सुमारे ७.१ अब्ज डॉलर. त्यातले मायक्रोनेशियाला ३.३ अब्ज, मार्शल बेटांना २.३ अब्ज, पलाऊला ८८.९ कोटी, आणि उरलेले मुख्यतः टपालसेवेसाठी. मार्शल बेटांची लोकसंख्या ४२ हजारांच्या आसपास धरली तर वर्षाला माणशी पावणेतीन हजार डॉलरच्या जवळ जातं. मोबदल्यात अमेरिकेला काय मिळतं? या समुद्रातून इतर कुठल्याही देशाच्या लष्कराला मज्जाव करण्याचा हक्क, आणि क्वाजालेन कंकणद्वीपावर क्षेपणास्त्र चाचण्यांची जागा. शिवाय १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक इथे केलेल्या ६७ अणुचाचण्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही. आरोग्य, शिक्षण या खात्यांवर खर्च होतो म्हणून हा पैसा विकास साहाय्याच्या रकान्यात जातो, आणि व्याख्येनुसार ते बरोबरही आहे. पण तुम्ही त्याची तुलना चक्रीवादळानंतर कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाला मिळालेल्या अनुदानाशी करता, तेव्हा दोन वेगळ्याच व्यवहारांची बेरीज-वजाबाकी चाललेली असते.

सॉलोमन बेटांचा २००३ नंतरचा आलेख काढून बघा. एकदम उंच जातो. त्या वर्षी जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने शांतता आणि प्रशासन सावरण्यासाठी प्रादेशिक मोहीम आली, ती जून २०१७ पर्यंत राहिली. खर्च अडीच अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. मोहीम हवीच होती, नाहीतर सरकारी तिजोरीच उरली नसती. पण त्यातला मोठा हिस्सा ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांचे आणि सल्लागारांचे पगार-भत्ते, विमानभाडं, निवास यांत गेला. राजधानी होनियाराच्या बाजारात त्यातलं किती पोचलं, ते एकूण आकड्यावरून कळत नाही.

नाऊरूची गोष्ट याच्या उलटी. ऑस्ट्रेलियाने आश्रय मागणाऱ्यांना ठेवायचं केंद्र तिथे २००१ साली सुरू केलं, मधे बंद केलं, २०१२ साली पुन्हा उघडलं. त्या केंद्रातून येणारं शुल्क आणि भाडं कित्येक वर्षं नाऊरूच्या सरकारी महसुलाचा प्रमुख आधार होतं. पण हा पैसा मुळात विकास साहाय्याच्या रकान्यात येत नाही. म्हणजे कॅनबेराहून नाऊरूला जाणाऱ्या पैशाचा मोठा प्रवाह तुमच्या यादीला दिसतच नाही. मताचं भाडं, म्हणजे राजनैतिक पाठिंब्याच्या बदल्यात मिळणारा पैसा, तेही इथेच पाहायला मिळतं. नाऊरूने २००२ मध्ये तैवान सोडून चीनला मान्यता दिली, २००५ मध्ये परत तैवान, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीन. याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. बारा हजार लोकांच्या देशाकडे विकण्यासारखं दुसरं काय उरलंय, हे त्यांनी सांगावं.

रकान्याचा आणखी एक घोळ भाजकाचा आहे. मदतीचं राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण काढताना बरेच जण हाताशी येईल तो जीडीपी घेतात. प्रशांत महासागरातल्या देशांत हे चालत नाही. टूनाच्या मासेमारीसाठी परदेशी बोटी जो परवाना घेतात, त्याचं शुल्क देशांतर्गत उत्पादनात धरलं जात नाही. ते बाहेरून आलेलं उत्पन्न म्हणून राष्ट्रीय उत्पन्नात, म्हणजे जीएनआयमध्ये येतं. किरिबातीसारख्या देशात त्यामुळे जीएनआय हा जीडीपीपेक्षा बराच मोठा असतो, आणि जीडीपीने भागलं की देश आहे त्यापेक्षा जास्त परावलंबी दिसतो. हे शुल्क किरकोळ नाही. किरिबाती, तुवालू, मार्शल बेटं, नाऊरू, पापुआ न्यू गिनी असे आठ देश एकत्र आले आणि कोकणातल्या मच्छीमारांना नावानेच घाम फुटतो त्या पर्ससीन जाळ्यांच्या बोटींना दिवसाच्या हिशेबाने परवाने विकू लागले. एका बोटीच्या एका दिवसाचा किमान दर ८,००० डॉलर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या देशांच्या तिजोऱ्या कुठल्याही देणगीदारापेक्षा या एका निर्णयाने जास्त भरल्या, असं माझं मत आहे.

यादीच्या तळाकडे वळू, कारण तिथेच आपला जास्त संबंध आहे. जागतिक बँकेचा तो आकडा प्रामुख्याने ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीकडे होणाऱ्या नोंदींवर चालतो. चीन आणि भारत या समितीचे सभासद नाहीत आणि तिच्या पद्धतीने प्रकल्पवार हिशेबही देत नाहीत. मालदीवचे दोन सर्वांत मोठे कर्जदाते-देणगीदार म्हणजे हेच दोघे. साहजिकच मालदीव खाली घसरतो.

प्रत्यक्षात माले शहरातून समोर बघितलं की पूर्वेला चीनच्या पैशातून बांधलेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये खुला झालेला विमानतळाकडे जाणारा पूल दिसतो. पश्चिमेला विलिमाले, गुल्हिफाल्हू, थिलाफुशी या बेटांना जोडणाऱ्या ६.७४ किलोमीटरच्या भारतीय प्रकल्पाचं काम चालू झालं. या प्रकल्पाला भारताचं १० कोटी डॉलरचं अनुदान आहे आणि ४० कोटी डॉलरचं कर्ज. कर्ज एक्झिम बँकेचं, म्हणजे मुंबईत कफ परेडला मुख्यालय असलेल्या बँकेचं. ऑगस्ट २०२१ मध्ये कंत्राट मिळालं अॅफकॉन्स या बांधकाम कंपनीला, तीही मुंबईचीच. अशा कर्जमर्यादेतून, म्हणजे लागेल तसं उचलायच्या मंजूर कर्जातून (लाइन ऑफ क्रेडिट), होणाऱ्या खरेदीत साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. म्हणजे पैशाचा बराच भाग मुंबईहून निघून मुंबईलाच येतो, मालेमध्ये पूल राहतो आणि परतफेडीचं वेळापत्रक राहतं. यात गैर काही नाही, जपान आणि युरोपनेही वर्षानुवर्षं हेच केलं. फक्त आपली वृत्तपत्रं अनुदान आणि कर्ज एकाच वाक्यात ‘मदत’ म्हणून छापतात, तेव्हा तुलना करणाऱ्याने ती दोन रकान्यांत वेगळी करायलाच हवी. जुलै २०२५ मध्ये भारताने मालदीवला ४,८५० कोटी रुपयांची कर्जमर्यादा दिली आणि आधीच्या कर्जांचा वार्षिक हप्ता ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आणला. माझ्या दृष्टीने यातला दुसरा भाग ही खरी मदत, आणि बातमीत तोच शेवटच्या परिच्छेदात होता.

भारताच्या बाजूचे आकडे हवे असतील तर परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पी मागणीत इतर देशांना साहाय्य असं शीर्ष असतं. २०२५-२६ साठी तिथे मालदीवपुढे ६०० कोटी रुपये होते. पण एक्झिम बँकेची कर्जं त्यात नसतात, ती वेगळी जमवावी लागतात.

मॉरिशसचा दरडोई आकडा मात्र केवळ नोंदीच्या घोळामुळे लहान नाही. तो वाचायला आणखी एक गोष्ट माहीत हवी: जागतिक बँकेचा तो निर्देशक निव्वळ असतो, म्हणजे जुन्या कर्जाची मुद्दल परत केली की ती वजा होते. जो देश इमानाने फेडतो तो कमी मदत घेणारा दिसतो, एखाद्या वर्षी आकडा उणेही जाऊ शकतो. हे झालं हिशेबाचं. खरी गोष्ट साखरेची आहे.

१९७५ साली युरोपीय समुदायाने आपल्या जुन्या वसाहतींशी साखरेचा करार केला. मॉरिशसला त्यात सगळ्यांत मोठा कोटा मिळाला, जवळपास ४.९ लाख टनांचा, आणि भाव मिळाला युरोपच्या अंतर्गत बाजाराचा. जागतिक बाजारात साखर कितीही पडली तरी हा भाव टिकून असे, आणि बहुतेक वर्षं तो जागतिक भावाच्या कितीतरी वर होता. हा वरचा भाव म्हणजे दरवर्षी न चुकता येणारी बक्षिसीच. कुणी प्रस्ताव लिहायचा नाही, कुणी परदेशी सल्लागार येऊन बसायचा नाही, प्रगतीचे अहवाल नाहीत. त्या नफ्यातला पैसा कापडगिरण्यांत, हॉटेलांत गेला आणि सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर लावून शाळा-दवाखाने चालवले. कोकणातून करारावर गेलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं, आजचे मॉरिशसमधले मराठी भाषक, त्या मोफत शाळांतून शिकली. २००६ पासून युरोपने भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला आणि २००९ मध्ये करार संपवला, तोवर देश उसाच्या पलीकडे गेला होता. विकास साहाय्याच्या तक्त्यात या सगळ्याची एक ओळही सापडणार नाही. तीच गोष्ट भारत-मॉरिशस करकराराची. १९८३ पासून २०१६ च्या दुरुस्तीपर्यंत भांडवली नफ्यावरच्या सवलतीमुळे भारतात येणाऱ्या गुंतवणुकीचा केवढा तरी भाग पोर्ट लुईमधून फिरून आला, आणि तिथल्या वकिलांना, हिशेबनिसांना, बँकांना काम मिळालं. दिल्लीने सोडलेला तो कर मेट्रो एक्स्प्रेसच्या अनुदानापेक्षा मॉरिशसला जास्त उपयोगी पडला असावा, असं मी म्हणेन. (मेट्रोही भारताच्या पैशातून आणि एल अँड टीच्या हातून झाली, पहिला टप्पा ऑक्टोबर २०१९ चा.)

भलं कुणाचं झालं, हा दुसरा प्रश्न. इथे मी रक्कम बाजूला ठेवतो आणि पैसा थांबला तर काय होईल एवढंच बघतो. या कसोटीवर तुवालू खरोखर अभ्यासण्यासारखं आहे, पण त्या दरडोई आकड्यासाठी नाही. १९८७ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि खुद्द तुवालू यांनी मिळून सुमारे २.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा न्यासनिधी उभा केला. नियम साधा आहे. मूळ निधी ‘अ’ खात्यात. त्याचं मूल्य ऑस्ट्रेलियातल्या महागाईइतकं दरवर्षी वाढलं पाहिजे. बाजारभाव त्या पातळीच्या वर गेला तरच वरची रक्कम ‘ब’ खात्यात उतरते, आणि सरकारला हात फक्त ‘ब’ खात्याला लावता येतो. बाजार पडला की त्या वर्षी वाटप शून्य, म्हणून ‘ब’ खात्यात चांगल्या वर्षांची शिल्लक ठेवून द्यायची. संचालक मंडळावर देणगीदारांचेही प्रतिनिधी. मुद्दल आज कित्येक पटींनी मोठं झालं आहे.

नाऊरूकडे फॉस्फेटच्या जोरावर याहून किती तरी मोठा निधी होता. तो मेलबर्नमधली बावन्न मजली इमारत, स्वतःची विमान कंपनी, लंडनमधलं पडलेलं एक संगीत नाटक अशा गोष्टींत आणि गैरव्यवहारात विरला. नवा निधी २०१५ साली उभा राहिला, तो बाहेरच्या देणगीदारांना मंडळावर घेऊनच. नाऊरूचं वैभव चालू होतं तेव्हा त्याला मदतीची गरज नाही असंच तक्ते सांगत होते, हेही ध्यानात ठेवा.

तक्ते असं पुष्कळदा सांगतात. देशाचं दरडोई उत्पन्न सलग तीन वर्षं उच्च उत्पन्नाच्या रेषेच्या वर राहिलं की ओईसीडी त्याला साहाय्यपात्र देशांच्या यादीतून काढते. अँटिग्वा आणि बार्बुडा जानेवारी २०२२ मध्ये असा बाहेर पडला. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळानंतर याच देशातलं बार्बुडा बेट पूर्ण रिकामं करावं लागलं होतं. त्याच महिन्यात ‘मारिया’ने डॉमिनिकाचं जे नुकसान केलं ते देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या २२६ टक्के निघालं. एका रात्रीत सव्वादोन वर्षांची कमाई गेली, आणि दरडोई उत्पन्नाच्या आकड्याला त्याची आधी चाहूलही नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उत्पन्नापलीकडे जाऊन देशापुढचे धोके मोजणारा बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक स्वीकारला तो याच तक्रारीतून. तो मान्य झाला आहे, पण कर्ज देणाऱ्या बँका अजून बहुतांशी जुन्याच रेषेवर चालतात.

तेव्हा तुमच्या प्रबंधासाठी यादीतल्या सगळ्या देशांची क्रमवारी सोडून द्या. दोनच देश घ्या: मार्शल बेटं आणि किरिबाती. शेजारी आहेत, दोन्ही प्रवाळांच्या सखल कंकणद्वीपांचे देश, दोघांनाही समुद्रपातळीची तीच भीती, दोघेही टूना परवान्यांच्या त्याच गटात. एकाला अमेरिकेचा वीस वर्षांचा करार आहे आणि तिथल्या तरुणाला व्हिसाशिवाय अमेरिकेत राहून काम करता येतं. दुसऱ्याकडे १९५६ साली, ब्रिटिश अंमलातच, फॉस्फेटच्या उत्पन्नातून सुरू केलेला राखीव निधी आहे, तो आता एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि देणगीदार बदलत राहतात. दोन्हींचे अर्थसंकल्प घ्या आणि प्रत्येक मोठ्या जमेपुढे चार रकाने आखा: कोण देतो, कशाच्या बदल्यात, किती वर्षांच्या खात्रीने, आणि खर्च कुठे करायचा हे कोण ठरवतो. आंतरराष्ट्रीय तक्त्यात जी रक्कम सापडेल पण अर्थसंकल्पात सापडणार नाही, ती वेगळी टिपून ठेवा. बहुतेक वेळा ती शिष्यवृत्त्या, सल्लागार, नाहीतर फिजीची राजधानी सुवा इथल्या दक्षिण प्रशांत विद्यापीठासारख्या सामाईक संस्थांकडे गेलेली निघते. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम एकाच ओळीत मिसळू देऊ नका, आणि चालू किमती की स्थिर किमती हे प्रत्येक पानावर लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच आठवणार नाही.